ठिणगीची डबी : जुन्या मोटरसायकलवरील लहान विद्युत भागांचा इतिहास (धागा)

१/
४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. साम्राज्याकडे जगातील सर्वांत मोठे आरमार होते, कोळसा होता, पोलाद होते, वसाहतींमधून येणारा कच्चा माल होता. मात्र मोटरसायकल, लष्करी ट्रक आणि विमान यांच्या इंजिनात ठिणगी पाडणारी, दोन मुठींएवढी एक डबी त्या देशात जवळजवळ बनतच नव्हती. ती येत असे श्टुटगार्ट शहरातून, म्हणजे शत्रूच्या घरातून.

२/
त्या डबीचे नाव मॅग्नेटो. जुन्या मोटरसायकलींच्या इतिहासात इंजिनाची ताकद, टाकीचा आकार, एक्झॉस्टचा आवाज यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. पॉइंट, कंडेन्सर, कट-आउट, रेक्टिफायर हे भाग कोणाच्या छायाचित्रात येत नाहीत. पण अभ्रकाच्या खाणी, लाखेचा व्यापार, जप्त झालेले कारखाने आणि संसदेचे कायदे यांच्याशी या मोटरसायकलीचा संबंध जोडणारे भाग हेच आहेत.

३/
प्रथम तिचे काम. पेट्रोल व हवेचे मिश्रण दाबले गेल्यावर नेमक्या क्षणी ते पेटवावे लागते. त्यासाठी प्लगच्या दोन टोकांमधील बारीक फटीतून ठिणगी उडाली पाहिजे, आणि दाबलेल्या वायूतून ठिणगी उडण्यास हजारो व्होल्टचा दाब लागतो. त्या काळच्या मोटरसायकलवर बॅटरी असलीच तर ती जड, गळकी आणि भरवशाची नसे. मॅग्नेटोला बॅटरीच लागत नाही. इंजिन फिरले की ती स्वतःच वीज निर्माण करते.

४/
तिच्या आत नालाकृती चुंबकांच्या दोन टोकांमध्ये आर्मेचर फिरते. त्यावर तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या असतात : एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची, दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. चुंबकीय क्षेत्रात फिरताना जाड गुंडाळीत प्रवाह वाहू लागतो. तो ऐन भरात असताना पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकलेली दोन छोटी धातूची टोके, उघडतात. प्रवाह अकस्मात तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बारीक गुंडाळीत प्रचंड दाब उत्पन्न होतो. तोच प्लगपर्यंत पोहोचतो.

५/
येथे कंडेन्सरची भूमिका येते, आणि तिच्याविषयी बराच गैरसमज असतो. ठिणगी कंडेन्सर देत नाही. पॉइंट उघडताना प्रवाहाला थांबायचे नसते. तो त्या फटीतूनच उडी मारू पाहतो. तसे झाले तर पॉइंट जळतात आणि प्रवाह झटकन तुटण्याऐवजी रेंगाळत मंदावतो. मग प्लगकडे जाणारा दाब पडतो. कंडेन्सर त्या क्षणापुरता प्रवाह स्वतःत सामावून घेतो, त्यामुळे तोड स्वच्छ होते. गाडी गरम झाल्यावर बंद पडत असेल आणि पॉइंटवर निळसर-पांढरी आग दिसत असेल, तर जुना मेकॅनिक आधी कंडेन्सर बदलतो, तो याच कारणाने.

६/
रॉबर्ट बॉश यांनी श्टुटगार्टमध्ये १८८६ साली छोटी कार्यशाळा काढली. पुढच्याच वर्षी त्यांनी एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो तयार केली. पण तशी इंजिने सावकाश फिरत. रस्त्यावरील वाहनाची परीक्षा आली १८९७ मध्ये. फ्रेडरिक सिम्स या उद्योजकाने द दियों-बुतों या फ्रेंच बनावटीच्या तीन चाकी गाडीवर मॅग्नेटो बसवून मागितली. तिचे इंजिन कितीतरी वेगाने फिरे. बॉशच्या कार्यशाळेने रचना बदलली आणि ती गाडी चालली. १९०२ मध्ये त्यांचे अभियंता गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाची मॅग्नेटो आणि तिच्यासोबतचा स्पार्क प्लग सिद्ध केला. त्यानंतरच्या बारा वर्षांत युरोपातील बहुतेक वाहननिर्मात्यांनी हा प्रश्न सुटला असे मानून त्याकडे पाठ फिरवली. ब्रिटिशांनीही तेच केले. स्वस्त, उत्तम वस्तू शेजारच्या देशातून मिळत असताना ती घरी बनवावी कशाला?

७/
युद्ध सुरू होताच या प्रश्नाचे उत्तर मिळाले. निरोप पोहोचवणाऱ्या मोटरसायकलस्वारांची सैन्याला नितांत गरज होती. ५५० सीसीची ट्रायम्फ मॉडेल एच ही त्या युद्धातील नावाजलेली गाडी. सुमारे ३०,००० गाड्या मित्रराष्ट्रांच्या सैन्याला पुरवल्या गेल्या. तिच्यावर विजेचा दिवा नव्हता, भोंगा हाताने वाजवायचा होता. विद्युत भाग म्हणून जे काही होते ते म्हणजे मॅग्नेटो, एक तार आणि प्लग. तेवढे नसते तर बाकीची गाडी म्हणजे ढकलण्याचे लोखंड.

८/
बर्मिंगहॅममधील थॉमसन-बेनेट ही मॅग्नेटो बनवणाऱ्या मोजक्या ब्रिटिश कंपन्यांपैकी एक. १९१४ मध्येच दिवे बनवणाऱ्या जोसेफ लुकास कंपनीने ती विकत घेतली. बीटीएच, एमएल, ईआयसी ही नावेही याच धामधुमीत पुढे आली. तार इतकी बारीक आणि विद्युतरोधन इतके चोख लागे, की केवळ नमुना उघडून नक्कल करणे पुरत नसे. चुंबकासाठी टंगस्टनयुक्त पोलाद, गुंडाळीसाठी एनॅमल चढवलेली तार, रोधनासाठी एबोनाइट, असे प्रत्येक पदार्थाचे तंत्र नव्याने हाती घ्यावे लागले.

९/
इथे ही कथा भारतात येते. त्या काळच्या मॅग्नेटोतील कंडेन्सर म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यांमध्ये अभ्रकाचे पापुद्रे घालून केलेली चळत. अभ्रक उष्णता सोसतो, वीज अडवतो आणि कागदाहून पातळ सोलता येतो. असा उत्तम अभ्रक जगाला पुरवणारा मोठा पट्टा म्हणजे आजच्या झारखंडमधील कोडरमा व गिरिडीहचा परिसर. तो यंत्राने सोलला जात नसे. स्त्रिया आणि मुले विळ्यासारख्या पात्याने एकेक पापुद्रा वेगळा करीत. युद्धकाळात सरकारने या अभ्रकाच्या निर्यातीवर निर्बंध घातले, कारण तो शत्रूच्या हाती पडणे म्हणजे त्याच्या विमानाला ठिणगी पुरवणे होते.

१०/
दुसरा पदार्थ लाख. आर्मेचरच्या गुंडाळ्या ओल व धूळ यांपासून वाचवण्यासाठी त्यांवर शेलॅक, म्हणजे शुद्ध केलेली लाख, चढवली जाई. जगाच्या बाजारातील बहुतांश लाख तेव्हा भारतातून, मुख्यतः छोटा नागपूरच्या जंगलांतून जात असे. पळस, बोर, कुसुम या झाडांवरील किड्यांचा हा स्राव. महाराष्ट्रात लाख आठवते ती बांगड्यांमुळे आणि पांडवांच्या लाक्षागृहामुळे. तापले की लाख काय करते हे सांगण्यास लाक्षागृहाचा दाखला पुरेसा आहे. मॅग्नेटो बसवलेली असते तापणाऱ्या इंजिनाला खेटून. वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने शेलॅक मऊ पडते, पाझरते, आणि आर्मेचर आतल्या आत चिकटते. जुन्या लुकास मॅग्नेटोचा हा ठरलेला आजार आहे.

११/
कोडरम्यातील अभ्रक सोलणाऱ्या मजुराला किंवा छोटा नागपुरात लाख खरवडणाऱ्या आदिवासीला आपला माल अखेर कोठे बसतो, याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. मोटरसायकलच्या कोणत्याही पत्रकात त्यांचा उल्लेख नाही. ‘ब्रिटिश बनावटीची’ मॅग्नेटो ही त्या अर्थाने पूर्णपणे ब्रिटिश कधीच नव्हती.

१२/
युद्ध संपले, धडा विसरला गेला नाही. १९२१ मध्ये ब्रिटिश संसदेने उद्योग-संरक्षण कायदा केला आणि ‘कळीच्या’ समजल्या गेलेल्या काही आयात वस्तूंवर ३३⅓ टक्के जकात बसवली. त्या यादीत प्रकाशीय काच आहे, प्रयोगशाळेतील उपकरणे आहेत, कृत्रिम रसायने आहेत, मोजे विणण्याच्या यंत्राच्या सुया आहेत, आणि मॅग्नेटो व कायम चुंबकही आहेत. मुक्त व्यापाराचा दशकानुदशके पुरस्कार करणाऱ्या देशाने त्याला मुरड घातली, त्या यादीत मोटरसायकलचा एक भाग असावा, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१३/
अमेरिकेत बॉशची वेगळी कंपनी होती, मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डला कारखाना होता. युद्धात उतरल्यावर अमेरिकी सरकारने ती शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतली आणि १९१८ मध्ये विकून टाकली. त्याच सुमारास होनोल्ड यांनी बॉशचे नवे बोधचिन्ह आखले : वर्तुळात उभे आर्मेचर. आज पुण्या-नाशिकच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत वायपर, फिल्टर, ड्रिल यांच्या खोक्यांवर जी आकृती दिसते, ती मॅग्नेटोच्या आर्मेचरचा आडवा छेद आहे.

१४/
आता दिव्याकडे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटरसायकलचा दिवा कार्बाइडचा असे. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब-थेंब पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो व तो पेटतो. (आंबे पिकवण्यासाठी वापरले जाते आणि ज्यावर बंदी आहे ते हेच कार्बाइड.) विजेचा दिवा हवा तर बॅटरी हवी, बॅटरी भरायला डायनमो हवा. लुकासने यावर काढलेला तोडगा म्हणजे मॅगडायनो : खाली मॅग्नेटो, तिच्या पाठीवर पट्ट्याने बांधलेला डायनमो. दुसऱ्या महायुद्धातील बीएसए एम२० या सुमारे १,२६,००० बनलेल्या लष्करी गाडीवरही मॅगडायनो होता. रचना सुटसुटीत होतीच, शिवाय शहाणपणाचीही होती : दिव्याची बाजू पूर्ण निकामी झाली तरी ठिणगी तिच्यावर अवलंबून नव्हती.

१५/
डायनमोसोबत एक नवा प्रश्न आला. इंजिन मंद असताना डायनमोचा दाब बॅटरीहून कमी असतो. तेव्हा तार जोडलेलीच ठेवली तर वीज उलटी वाहते आणि बॅटरी डायनमोलाच मोटर समजून फिरवू पाहते. हे टाळते ती कट-आउट : छोटे विद्युतचुंबक आणि एक पाते. दाब पुरेसा झाला की पाते ओढले जाऊन जोड पूर्ण होतो. दाब पडला की स्प्रिंग पाते सोडवते. दार आत उघडावे की नाही हे ठरवणारा हा यांत्रिक द्वारपाल.

१६/
त्याच काळ्या डबीत शेजारी दुसरे पाते असते, ते रेग्युलेटरचे. वेग वाढला की डायनमोचा दाब बेफाम वाढतो, बॅटरी उकळते, बल्ब उडतात. रेग्युलेटरचे पाते प्रत्येक सेकंदाला अनेकदा उघडझाप करून डायनमोच्या क्षेत्र-गुंडाळीच्या मार्गात रोध घालते व काढते. आधीच्या डायनमोंमध्ये तिसऱ्या ब्रशवर भागवले जाई. ती पद्धत बॅटरीची स्थिती ओळखत नसे. १९३० च्या दशकात रेग्युलेटर आला आणि मोटरसायकल प्रथमच स्वतःची वीज स्वतः मोजू लागली.

१७/
याच दशकात लुकासने बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडण्याची पद्धत स्वीकारली. टोकांवरील गंज कमी होतो आणि ठिणगीसाठी लागणारा दाब कमी होतो, असे तेव्हाचे म्हणणे. पुढे जगाने ऋण टोक सांगाड्याला जोडण्याचा प्रघात पाळला, ब्रिटिश मोटरसायकली मात्र बराच काळ जुन्या वळणावर राहिल्या. आज जुनी गाडी विकत घेणारा तरुण सवयीने काळी तार सांगाड्याला जोडतो आणि क्षणात रेक्टिफायर गमावून बसतो. गाडी कोणत्या दशकातील आहे, हे येथे प्रत्यक्ष पैशाचे ज्ञान ठरते.

१८/
रेक्टिफायरचा उल्लेख आला, तो अल्टरनेटरमुळे. १९५३ च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनवर लुकासचा अल्टरनेटर आला. यात चुंबक फिरते आणि गुंडाळ्या स्थिर राहतात. ब्रश नाहीत, झीज नाही. पण त्याची वीज दिशा बदलत राहते आणि बॅटरीला एकाच दिशेची वीज चालते. म्हणून मध्ये रेक्टिफायर. आरंभीचा रेक्टिफायर सेलेनियमचा : एका बोल्टवर ओवलेल्या चौकोनी किंवा गोल तबकड्या. तबकड्यांवरील सेलेनियमचा थर वीज एका दिशेने जाऊ देतो, दुसऱ्या दिशेने अडवतो. तबकड्या आवळणारी नट फिरवली की हा थर बिघडतो. ‘सैल वाटली म्हणून घट्ट केली’ या सद्भावनेने असंख्य रेक्टिफायर मेले आहेत. आणि सेलेनियम जळते तेव्हा सुटणारी दुर्गंधी एकदा घेतलेल्याला पुन्हा सांगावी लागत नाही.

१९/
सहा व्होल्टच्या या व्यवस्थेत वेगळा रेग्युलेटर नव्हता. दिव्याचे बटण हेच नियंत्रण! दिवा बंद असताना अल्टरनेटरच्या मोजक्याच गुंडाळ्या कामाला, हेडलाइट लावला की सर्व. कल्पना चतुर, पण ढोबळ. १९६० च्या दशकाच्या मध्यास बारा व्होल्टची व्यवस्था आली, तेव्हा या कामासाठी नाण्याएवढा एक भाग निवडला गेला : झेनर डायोड. बॅटरीचा दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की हा डायोड वाहू लागतो आणि जास्तीची वीज उष्णतेच्या रूपाने उधळून टाकतो. म्हणून तो ॲल्युमिनियमच्या पंखेदार तुकड्यावर, वारा लागेल अशा जागी बसवलेला आढळतो. त्या तुकड्याला शोभेची वस्तू समजून रंग फासणारे आजही आहेत. रंगाने उष्णता अडते.

२०/
त्याच्या नावामागे एक गंमत दडलेली आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ क्लेरेन्स झेनर यांनी १९३४ मध्ये विद्युतरोधक पदार्थ तीव्र विद्युतक्षेत्रात कसे कोसळतात, याचा सिद्धांत मांडला. मोटरसायकल त्यांच्या ध्यानीमनी नव्हती. पुढे अर्धवाहक डायोड आले आणि त्यांना झेनर यांचे नाव मिळाले. परंतु झेनर यांनी वर्णिलेला परिणाम मुख्यतः पाच-सहा व्होल्टच्या खाली काम करणाऱ्या डायोडांत प्रभावी असतो. त्यावरील दाबाला घडते ती ‘हिमकडा कोसळावा’ तशी वेगळीच प्रक्रिया. म्हणजे मोटरसायकलवरील, चौदा-पंधरा व्होल्टच्या आसपास जागा होणारा झेनर डायोड झेनर यांच्या सिद्धांताने चालतच नाही!

२१/
‘लुकास म्हणजे अंधाराचा राजपुत्र’ हा इंग्रजी शौकिनांचा जुना विनोद. जोसेफ लुकास यांनी बर्मिंगहॅममध्ये रॉकेल व दिवे विकून धंदा उभारला. त्यांच्या सायकलच्या दिव्याचे नाव होते ‘किंग ऑफ द रोड’. ते १९०२ मध्ये वारले. ज्या भागांवरून त्यांची थट्टा होते, त्यातील जवळजवळ एकही त्यांच्या हयातीत अस्तित्वात नव्हता. शिवाय चाळीस वर्षे तेल, कंप आणि पावसात राहिलेल्या, तीनदा चुकीची तार जोडलेल्या डबीचा दोष मूळ कारखान्यावर टाकणे हा इतिहास नव्हे.

२२/
भारतात ही परंपरा सर्वाधिक काळ जगली ती बुलेटमध्ये. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात भारत सरकारने सीमेवरील गस्तीसाठी ३५० सीसी बुलेट निवडली आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीतून एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. त्याआधी, १९५१ मध्ये, बंगळुरात बॉशच्या सहकार्याने मायको स्थापन झाली होती आणि तिचे स्पार्क प्लग भारतीय गाड्यांत रुळले. १९६० च्या दशकाच्या आरंभी मद्रासलाच लुकास-टीव्हीएस आली. १९१४ मध्ये ज्या दोन परंपरा परस्परांसमोर उभ्या होत्या, त्या स्वतंत्र भारतात दक्षिणेतील दोन शहरांत नांदू लागल्या. परवान्यांच्या राज्यात परकी चलन दुर्मीळ होते, म्हणून भाग देशातच बनावे हा आग्रह होता. १९२१ च्या ब्रिटिश कायद्यामागील युक्तिवाद याहून फार निराळा नव्हता. मूळ इंग्रज कंपनी १९७० मध्ये मिटली. मद्रासची बुलेट चालत राहिली, पॉइंट आणि कंडेन्सरसह, एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत.

२३/
बुलेटच्या हेडलाइटवरील ॲमीटर अनेकांना केवळ देखणा वाटतो. जुन्या स्वाराला तो इंजिनाच्या आत डोकावण्याची खिडकी होता. चावी फिरवून किक हळूहळू दाबली की काटा उणेकडे झुकतो, कारण पॉइंट मिटलेले असून कॉइलमधून प्रवाह वाहत असतो. काटा मध्यावर परतला की पॉइंट उघडले, म्हणजे पिस्टन दाबाच्या टोकाशी आला. मग डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, तो सोडायचा आणि पूर्ण किक मारायची. हे न पाहता लाथा घालणाऱ्याच्या नडगीवर किक उलटी बसे. मेकॅनिकची बोलीही येथेच घडली : ‘करंट येत नाही’, ‘पॉइंट चिकटलेत’, ‘गॅप वाढलाय’. हा गॅप कॉइलच्या गाडीवर सुमारे ०.०१५ इंच आणि लुकास मॅग्नेटोवर ०.०१२ इंच.

२४/
जुनी गाडी अभ्यासणाऱ्यासाठी शेवटची एक उपयुक्त गोष्ट. लुकासच्या अनेक भागांवर निर्मितीचा महिना आणि वर्ष ठोकलेले असते : ‘८ ५४’ म्हणजे ऑगस्ट १९५४. इंजिन व सांगाड्याचे क्रमांक कागदपत्रांसाठी खोडले, बदलले जातात. रेग्युलेटरच्या बुडाशी असलेले दोन आकडे बदलण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. १९४८ ची म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीवरील डायनमो, कट-आउट व हॉर्न तिन्हींवर १९५६ असेल, तर विक्रेत्याला प्रश्न विचारण्यास तेवढे पुरे. उलट आकडे जुळत असतील आणि डबी उघडल्यावर आत पात्यांऐवजी काळ्या रेझिनमध्ये बुडवलेला आधुनिक इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दिसला, तर घाबरू नये. रस्त्यावर चालणाऱ्या अनेक जुन्या गाड्यांचे मालक असेच करतात : आतले नवे, झाकण मूळचे. फक्त जुनी पाती फेकून न देता पुडीत बांधून, तारीख लिहून ठेवलेली असावीत.